उधारबंद

शाळेत ‘माझे आजोबा’ हा निबंध आला की माझी पंचाईत व्हायची. कारण आमच्या घरात आजोबा दोन होते, आणि दोघंही निबंधात घालण्यासारखे.

मोठे आबाजी म्हणजे बाबांचे सख्खे वडील. बेचाळीसच्या आंदोलनात जेलमध्ये जाऊन आलेले. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले. त्यातला एक आमच्या तुमसरच्या घरी ओसरीत, दारातून आत येणाऱ्याच्या बरोब्बर नजरेसमोर टांगलेला असायचा. लहाने आबाजी म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. ते दुसऱ्या महायुद्धात ‘बॉम्बरवर होते’. इंग्लंडला गेले होते आणि रात्रीच्या अंधारात जर्मनीवर बॉम्ब टाकून यायचे, असं घरात सगळे सांगायचे. सगळे म्हणजे ते स्वतः सोडून सगळे.

निबंधात मी कायम लहान्या आबाजींनाच घेतलं. आता सांगायला लाज वाटते, पण दहा वर्षांच्या मुलाला ताम्रपटापेक्षा बॉम्बर विमान मोठं वाटणारच.

प्रत्यक्षात लहाने आबाजी म्हणजे एक अबोल किराणा दुकानदार. अंगात बंडी, कानावर पेन्सिल, तागडीत तूरडाळ. दुकानात मागच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: ‘उधार बंद’. पाटीखाली बसून ते दिवसभर उधारी लिहायचे. आम्ही पोरं युद्धाच्या गोष्टी सांगा म्हणून मागे लागलो की चॉकलेटची बरणी पुढे करायचे. चॉकलेट मिळाल्यावर युद्ध कोणाला हवंय! एकदाच, मी फारच हट्ट धरला तेव्हा, ते एवढंच म्हणाले होते, “आमी बाम चडवत होतो रे बापू. टाकनारे वेगरेच.” झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, तेव्हा टाकणारे वेगळेच. मला त्याचा अर्थ कळला नाही. घरात येऊन मी सांगितलं की आबाजी म्हणाले, ते बॉम्बरवर चढत होते.

१९८७ साली ते गेले. मोठे आबाजी त्यांच्या आधीच दोन वर्षं.

गेल्या वर्षी तुमसरचं घर पाडायला काढलं. माळ्यावरच्या सामानात आत्याला (लहान्या आबाजींची मुलगी) डालडाचा जुना डबा सापडला. आत जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली चार पदकं आणि एक फोटो. आत्यानं तो डबा माझ्या हातात दिला, म्हणाली, “तुले लिहाचा नाद आहे, तूच पाहा.”

तर मंडळी, इथून हे सुरू झालं.

आधी अर्थातच गूगलबाबाला शरण गेलो. दुसरं महायुद्ध, बॉम्बर, भारतीय, मराठी असे शब्द उलटसुलट टाकत बसलो, आणि पहिल्याच आठवड्यात एक मराठी नाव हाती लागलं. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये लँकॅस्टर विमानावर नॅव्हिगेटर. म्हणजे अंधारात, ढगात, खालून तोफा डागत असताना नकाशा, घड्याळ आणि पट्टी घेऊन विमान नेमकं कुठं आहे ते सांगणारा माणूस. लँकॅस्टरवर सात जण असत. सुखठणकर ज्या विमानांतून उडाले त्यातलं एक, आर ५८६८ क्रमांकाचं, लंडनला हेंडनच्या म्युझियममध्ये अजून उभं आहे. त्या विमानानं शंभराहून अधिक मोहिमा केल्या आणि शाबूत राहिलं, जे फार थोड्यांच्या नशिबी होतं. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक दलापैकी ५५,५७३ जण मेले. शंभरातले चव्वेचाळीस. युद्धातल्या फारच थोड्या नोकऱ्या इतक्या धोक्याच्या असतील.

मी हरखलो. सुखठणकर जाऊ शकतात तर आमचे आबाजी का नाही? फोटोंमध्ये लहान्या आबाजींचा चेहरा शोधू लागलो. ज्याला शोधायचंच असतं त्याला सापडतं, तसे दोन-तीन ठिकाणी सापडलेही!

भ्रम फोडला तो पदकांनी.

युद्धातल्या मोहिमांची पदकं सगळ्यांना सारखीच. फरक असा की ब्रिटिश सैनिकांची पदकं कोरी दिली गेली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकून दिलेलं असे. इतकी वर्षं डब्यात पडून काळी झालेली ती चांदणी मी चिंच लावून घासली (भंडाऱ्याच्या माणसाला पितळ कसं उजळायचं ते शिकवावं लागत नाही) आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरं वर आली. नंबर. मग एल.ए.सी. मग नाव, थोडं मोडकं, पण आमचंच. मग आर.आय.ए.एफ., म्हणजे रॉयल इंडियन एअर फोर्स. ‘रॉयल’ हे बिरुद भारतीय हवाई दलाला मार्च १९४५ मध्ये मिळालं, आणि १९५० साली आपण प्रजासत्ताक झालो तेव्हा गेलं.

आजकाल एल.ए.सी. म्हटलं की चीनची सीमा आठवते. इथं त्याचा अर्थ लीडिंग एअरक्राफ्ट्समन. आणि इथंच गाडी अडली. ब्रिटिश हवाई दलात १९४० पासून नियम होता की विमानात बसून लढायला जाणारा माणूस किमान सार्जंट असला पाहिजे. लीडिंग एअरक्राफ्ट्समन हा सार्जंटच्या बराच खालचा हुद्दा. बॉम्बर कमांडच्या लँकॅस्टरमध्ये एल.ए.सी. हुद्द्याचा माणूस बसणं शक्य नाही.

पदकंही तेच सांगत होती. इंग्लंडहून उडून युरोपवर मोहिमा करणाऱ्यांसाठी एक वेगळी चांदणी होती, एअर क्रू युरोप स्टार, फिक्या निळ्या फितीची. १९४४ च्या जूननंतर गेला असेल तर फ्रान्स अँड जर्मनी स्टार. आमच्या डब्यात दोन्ही नव्हत्या. होती ती १९३९-४५ स्टार, वॉर मेडल, भारताचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल, आणि बर्मा स्टार. गडद निळ्या फितीवर मधोमध लाल पट्टा आणि दोन बाजूंना नारिंगी रेघा. ही चांदणी मिळायला बर्मात पाऊल ठेवलंच पाहिजे असंही नव्हतं. १९४४ नंतर आसाम-बंगालच्या ब्रह्मपुत्रेपूर्वेकडच्या भागात नोकरी केलेल्यालाही ती मिळे.

थोडक्यात, माझे आजोबा इंग्लंडला गेले नव्हते. जर्मनी त्यांनी पाहिली नव्हती. दोन रात्री मला झोप आली नाही असं लिहिलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण चिडचिड झाली खरी. चाळीस वर्षं मी हे लोकांना सांगत आलो होतो! कॉलेजात तर एका मुलीला सांगितलं होतं.

गोंदियाच्या मामांना फोन केला तर त्यांचा तिसराच सूर. म्हणे इंग्लंडबिंग्लंड काही नाही, ते बिरसीहून उडायचे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली युद्धासाठी बांधली हे खरं आहे. तेव्हा गोंदिया आमच्या भंडारा जिल्ह्यातच होतं, १९९९ साली वेगळं झालं. आज तिथं वैमानिक घडवतात. पण धावपट्टी जवळ आहे म्हणून आजोबा तिथून उडाले हा पुरावा होत नाही. मामांना तसं सांगितलं नाही, मामा रागीट आहेत.

राहता राहिला फोटो. एका विमानाच्या पंखाखाली दहा-बारा तरुण, काही उभे, काही उकिडवे. अर्धी चड्डी, उघडी अंगं, एक-दोघांच्या डोक्यावर टोपी. डावीकडून तिसरे लहाने आबाजी, वीस-एकवीस वर्षांचे, चक्क हसताना. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. फोटोच्या मागं त्यांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘उधारबंद ४४’.

आत्या म्हणाली, हे दुकानातलं काहीतरी आहे. चव्वेचाळीस नंबरच्या गिऱ्हाइकाची उधारी बंद केली असेल आणि जवळ कागद नसेल म्हणून फोटोवर लिहून ठेवलं असेल. मलाही ते पटलं. अक्षर तेच, शब्द तोच, पाटी तर मी रोज पाहिलेली. हा फोटो मी चार महिने डोळ्यासमोर ठेवून बसलो होतो आणि मागचं वाक्य मी किराणा म्हणून सोडून दिलं होतं.

नागपूरला वायुसेनानगरच्या बाजूला माझ्या एका मित्राचे सासरे राहतात. हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्याला लावला आणि पंख पाहूनच म्हणाले, “हा व्हेंजन्स आहे.” आणि उलटवून पाहिल्यावर, “बरोबर. उधारबंद. सिलचरजवळचं. सातवी स्क्वॉड्रन.”

मी नुसता बघतच राहिलो. सिलचरहून कुंभीरग्रामच्या विमानतळाकडे जाताना वाटेत उधारबंद नावाचं गाव आहे. अगदी खरंखुरं गाव, आसामच्या काछाड जिल्ह्यात. इंग्रज त्याला उदरबंद अशा काहीतरी उच्चारानं लिहीत. आबाजींनी मात्र तिथल्या लोकांकडून ऐकलं तसंच लिहिलं होतं. वर १९४४ मधलं ४४.

व्हल्टी व्हेंजन्स. या विमानाचं नाव मी आधी ऐकलंही नव्हतं. १९४० साली जर्मनांच्या स्टुका विमानांनी सूर मारून बॉम्ब टाकत युरोपभर जो धुमाकूळ घातला, तो पाहून इंग्रजांनी अमेरिकेत ही डाइव्ह बॉम्बर विमानं बनवायला टाकली. ती तयार होऊन येईपर्यंत युरोपात अशा विमानांचा निभाव लागत नाही हे कळून चुकलं होतं. मग ती पाठवली पूर्वेला. यात माणसं दोनच, पुढे वैमानिक आणि मागे नॅव्हिगेटर, जो वेळ पडली तर मागे तोंड करून मशीनगन चालवी. डोंगराच्या माथ्यावर झाडीत दडलेल्या ठाण्यावर जवळजवळ सरळ उभा सूर मारायचा, बॉम्ब सोडायचा आणि वर यायचं. अराकान आणि मणिपूरच्या डोंगरात हे काम दुसऱ्या कुठल्या विमानानं इतकं अचूक होत नसे. पण इंजिन तेल पिणारं आणि तापणारं. जमिनीवरच्या मेकॅनिकांचे हाल.

भारतीय हवाई दलाच्या दोन स्क्वॉड्रन या विमानावर होत्या, सातवी आणि आठवी, दोन्ही १ डिसेंबर १९४२ ला उभ्या राहिल्या. आठवी चितगावकडे गेली, १५ डिसेंबर १९४३ ला तिची पहिली मोहीम झाली. (तिचे प्रमुख होते निरंजन प्रसाद, जे पुढे सैन्यात मेजर जनरल झाले आणि १९६५ च्या युद्धात लाहोर आघाडीवर ज्यांचं नाव फार गाजलं, भलत्याच कारणानं. तो वेगळा विषय आहे.) सातवी, हेम चौधरींच्या हाताखाली, आधी वायव्य सरहद्दीवर होती, आणि मार्च १९४४ मध्ये उधारबंदला आली. तिच्यात एक तरुण अधिकारी होते, प्रतापचंद्र लाल. तेच पुढे स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले, आणि १९७१ च्या युद्धात आपले हवाई दल प्रमुख.

मार्च १९४४ ही तारीख ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांच्या लक्षात आली असेल. त्याच महिन्यात जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमावर चालून आलं. सातव्या स्क्वॉड्रनचे व्हेंजन्स पावसाळा लागेपर्यंत रोज डोंगर ओलांडून जायचे, जपान्यांच्या ठाण्यांवर आणि रसदीवर बॉम्ब टाकायचे, परत यायचे, भरायचे, पुन्हा जायचे.

भरायचे. मित्राच्या सासऱ्यांचा स्वतःचा धंदा हवाई दलात आर्मररचा होता, म्हणजे दारूगोळा आणि हत्यारं सांभाळणारा. आबाजींचं ते एकमेव वाक्य मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “अहो, चढवणं म्हणजे लोडिंग! बॉम्ब चढवणं. आम्हीही तसंच म्हणायचो.” मग त्यांनी मला तासभर समजावून सांगितलं. व्हेंजन्सच्या पोटात पाचशे पौंडांचे दोन आणि पंखांखाली अडीचशेचे दोन. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोन क्विंटल. तुमसरच्या धानबाजारात वाढलेल्या माणसाला धानाच्या पोत्यांत हिशेब लगेच कळतो. बॉम्ब विमानापासून लांब, झाडीत ठेवलेले असत. तिथून गाडीवर घालून आणायचे, शेपटी वेगळी बसवायची, विमानाखाली सरकवून वर ओढून अडकवायचे. स्फोट घडवणारा भाग अगदी शेवटी. त्याला एक छोटी पंखी असते. बॉम्ब सुटला की तारेतून मोकळी होते, वाऱ्यानं गरगर फिरून निघून जाते, तेव्हा कुठं बॉम्ब जिवंत होतो. ती तार नीट लावली नाही तर एक तर बॉम्ब फुटत नाही, नाहीतर नको तिथं फुटतो. हे सगळं पहाटे, कंदिलाच्या उजेडात, चिखलात. आणि विमान उडून गेलं की वाट बघत बसायचं. चढवलेले चारही बॉम्ब गेले का, आणि नेणारे दोघं परत आले का.

टाकनारे वेगरेच.

स्क्वॉड्रनच्या रोजच्या मोहिमांची नोंद ठेवायचा एक ठरलेला फॉर्म असे. विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, नॅव्हिगेटरचं नाव, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, काय केलं. बॉम्ब कोणी चढवले त्याला त्या फॉर्मवर रकाना नाही. युद्ध संपलं तेव्हा भारतीय हवाई दलात सुमारे साडेअठ्ठावीस हजार माणसं होती आणि त्यात अधिकारी सोळाशे. बाकीच्या सत्तावीस हजारांचं नाव शोधायला डालडाचा डबाच लागतो.

इथं खरं तर हा लेख संपायला हवा होता. आजोबा सापडले, गाव सापडलं, विमान सापडलं. मी मोठ्या उत्साहानं भंडाऱ्याला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबा ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कायले उकरून रायला तू हे?”

त्यांना हे सगळं माहीत होतं. उधारबंद माहीत नव्हतं, पण आसाम माहीत होतं, इंफाळ माहीत होतं.

ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरला मोर्चावर गोळीबार झाला, माणसं मेली. आजही तुमसरला ऑगस्टमध्ये त्या हुतात्म्यांची आठवण होते. मोठे आबाजी त्या दिवसांतच पकडले गेले. लहाने आबाजी त्याच्या काही महिने आधी नागपूरला जाऊन हवाई दलात नाव घालून आले होते. घरावर सावकाराचं कर्ज होतं, दुसरं काही कारण नव्हतं. भाऊ जेलमध्ये आणि भाऊ इंग्रजाच्या वर्दीत. गावात लोक घरासमोरून जाताना काय बोलत असतील त्याची कल्पना करा. आजी बोलायला खमकी होती म्हणून निभावली. आणि घर चाललं ते लहान्या आबाजींच्या मनीऑर्डरवर. दर महिन्याला पोस्टमन यायचा. मोठे आबाजी सुटून आले तेव्हा त्यांनी आजीला पहिला प्रश्न विचारला तो हा की घर कसं चाललं. आजी म्हणाली, भाऊजींच्या पैशानं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, असं आजी सांगायची.

आणखी एक गोष्ट होती. इंफाळवर जपानी सैन्याबरोबर आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला तिनं तिरंगा फडकवला. १९४५ च्या शेवटी लाल किल्ल्यात त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि सगळा देश पेटला. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारी नेताजींचा फोटो लागला, तो मोठ्या आबाजींनी लावला. काही महिन्यांनी लहाने आबाजी सुटून परत आले, इंफाळहून. मोठे आबाजी स्टेशनवर गेले नाहीत, पण रेंगी पाठवली. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते, ते रेंगीत बसून तुमसर रोडला गेले होते. काका उतरला, रेंगीत बसला, घरी आला, देव्हाऱ्यापाशी गेला, फोटो बघितला आणि नमस्कार केला. तो देवाला केला की फोटोला, हे बाबांना तेव्हा कळलं नाही आणि पुढं कधी विचारता आलं नाही.

चढवलेला एखादा बॉम्ब कुठे पडला हे आर्मररला कधीच कळत नाही. व्हेंजन्सचे बॉम्ब आझाद हिंदच्या माणसांवर पडले का, हे शोधायचा मी प्रयत्न केलेला नाही. करणारही नाही. लहान्या आबाजींनी मात्र तो हिशेब चाळीस वर्षं केला असावा असं मला आता वाटतं. १५ ऑगस्टला ते दुकान बंद ठेवायचे आणि दिवसभर घराबाहेर पडत नसत. आम्ही समजायचो, सुट्टी आहे. जवाहरनगरला १९६४ साली दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला तेव्हा ओळखीच्या कितीतरी माणसांनी अर्ज केले. अनुभवाचा माणूस म्हणून यांना तर लगेच घेतलं असतं. हे गेले नाहीत. दुकान बरं आहे, म्हणाले.

मग मी बाबांना माझा खरा प्रश्न विचारला. हे जर्मनीचं कुठून आलं? एवढं इंग्लंड, एवढं रात्रीचं आकाश, हे कोणी रचलं? मला वाटत होतं की पोराटोरांनी बढाया मारल्या असतील. किंवा मीच, ‘बाम चडवत होतो’चं ‘बॉम्बरवर चढत होतो’ करणाराच गुन्हेगार असेन.

बाबा म्हणाले, “तुझ्या आबाजींनी.”

१९७२. ताम्रपट घेऊन मोठे आबाजी घरी आले. ओसरीवर गावातली पाचपन्नास माणसं, हार, पेढे. एक पाहुणा, बराच मोठा माणूस, फोटोसाठी दोन्ही भावांना शेजारी बसवता बसवता म्हणाला, “आणि हे? हे काय करत होते बेचाळीसला?” गावातल्या जुन्या माणसांना माहीत होतं. सगळे गप्प झाले. लहान्या आबाजींच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते तसेच उभे राहिले.

मोठे आबाजी म्हणाले, “हा जर्मनीवर गेला होता. विमानातून. हिटलरवर बॉम्ब टाकायला.”

बाबा तिथेच होते. म्हणाले, आबांना मी आयुष्यात एकदाच खोटं बोलताना ऐकलं. गांधीवाले होते ते, दुकानाच्या तागडीतसुद्धा छटाकभर इकडेतिकडे चालत नसे त्यांना. आणि ताम्रपट अजून गळ्यातल्या हाराखाली होता.

पाहुणा म्हणाला, वा! एक भाऊ इंग्रजांविरुद्ध, एक हिटलरविरुद्ध! लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान्या आबाजींनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि शेवटचा मोठ्या आबाजींना दिला. त्या दिवसापासून आमच्या घरात लहाने आबाजी जर्मनीवर होते. कोणीच ते खोडलं नाही. तुमसरमध्ये जर्मनीत कोणाचं कोणी नव्हतं.

यावर मी काय बोलणार? मी बाबांना म्हटलं, पदकांना चौकट करून ताम्रपटाशेजारी लावू या. बाबा म्हणाले, भिंतच पाडली, आता कुठे लावतो? ताम्रपट सध्या आमच्या भंडाऱ्याच्या घरी कपाटात आहे. पदकांचा डबा त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवला होता. परवा बघितलं तर बाबांनी तो वरच्या कप्प्यात ठेवलाय. मी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारायची पद्धत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

दिवाळीनंतर उधारबंदला जायचं ठरवतोय. नागपूरहून कोलकाता, तिथून सिलचर. विमान उतरतं ते कुंभीरग्रामलाच, जिथं १९४४ मध्ये इंग्रजांच्या व्हेंजन्स स्क्वॉड्रन होत्या. बाबा म्हणतात, मीही येतो. या वयात एवढा प्रवास कशाला, असं आई म्हणते. त्यांना धावपट्टी वगैरे काही बघायची नाही. त्यांना फक्त तिथल्या किराणा दुकानांत जाऊन बघायचंय, आपल्यासारखी पाटी असते का.